कपाटातल्या २,४०० मुलांच्या नोंदी: जपायला पैसे कोण देणार?

प्रश्न: आमचा छोटा ट्रस्ट शाहूपुरीत आहे. २०१० ते २०१५ या काळात शाहूवाडी, गगनबावडा आणि शिरोळ तालुक्यांतल्या पाच वर्षांखालच्या २,४०० मुलांचं वजन, उंची, दंडघेर, आजारपण आणि आहार आम्ही नोंदवला. दर मुलामागे आठ पानी फॉर्म. १,५०० फॉर्म एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेत, ९०० अजून कागदावरच. हे काम उभं करणारे डॉक्टर आता निवृत्त झालेत. २०१९च्या पुरात कपाटाचा खालचा कप्पा भिजला, २०२१ला थोडक्यात निभावलं. आता पुण्याच्या एका संशोधन गटानं हा डेटा मागितलाय. विश्वस्त म्हणतात, फुकट का द्यायचा? आणि जपायचा तर पैसे कोण देणार? अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडून बालआरोग्याचा जुना डेटा जतन करायला अनुदान मिळतं असं कळलं. अर्ज करावा का? की सरळ आमच्या वेबसाइटवर टाकून मोकळं व्हावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

स. न.

वेबसाइटवर टाकू नका. एनआयएचचा अर्ज आत्ता करू नका. आणि विश्वस्तांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डेटा विकायचा नसतो, पण तो दुसऱ्याला वापरता येईल असा करून द्यायला जे तास लागतात ते फुकट नसतात. पैसे त्या तासांचे मागायचे. बहुतेक संस्थांचा अर्ज इथंच फसतो: सर्व्हर, संगणक, एसी खोली असं मागतात आणि फॉर्म वाचून कोड लावणाऱ्या माणसाचा पगार लिहायचाच राहतो.

आधी कपाट. पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता सगळे गठ्ठे वरच्या मजल्यावर न्या. भिजून वाळलेले फॉर्म एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, शाईसकट पापुद्रा निघतो. बोथट, पातळ पट्टी कडेनं हळू सरकवा. बुरशीची काळी-हिरवी पूड दिसली तर एन-९५ मास्क लावून, उघड्या गॅलरीत, मऊ ब्रशनं झाडा. बॉलपेनचं लिखाण बहुधा टिकलेलं असतं, जेलपेनचं पसरलेलं. ज्या पानावर आकडा वाचता येत नाही तिथं अंदाजानं भरू नका, ‘अवाच्य’ असा वेगळा कोड द्या. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन नको. कागद आत कोंडला जातो आणि पुन्हा कधी सोडवता येत नाही.

मग यादी. एका माणसाला तीन आठवडे बसवा आणि एका साध्या तक्त्यात भरून घ्या: फॉर्म क्रमांक, तालुका, पानं पूर्ण आहेत का, संगणकात भरलाय का, संमतिपत्र जोडलंय का, त्यावर सही आहे की अंगठा. ही यादी हातात नसताना कुणाकडे पैसे मागायला गेलात तर ‘अंदाजे दोन-अडीच हजार फॉर्म असतील’ असं बोलावं लागतं, आणि समोरचा तिथंच वही मिटतो.

यादीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना संमतिपत्राचा. त्याचे तीन गठ्ठे पडतील. पहिल्यात ‘ही माहिती आरोग्यविषयक संशोधनासाठी वापरली जाईल’ अशा अर्थाचं वाक्य असेल. दुसऱ्यात पुढच्या वापराबद्दल काहीच नसेल. तिसऱ्यात ‘ही माहिती फक्त याच अभ्यासासाठी, फक्त आमच्या संस्थेत राहील’ असं लिहून दिलेलं असेल. त्या काळातल्या मराठी संमतिपत्रांत हे तिसरं वाक्य सर्रास सापडतं, कारण गुप्ततेचा परिच्छेद एका फॉर्मवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा उतरवला जायचा. तीन तालुक्यांसाठी तीन वेगळ्या वर्षी फॉर्म छापले असतील तर मजकूरही वेगळा निघेल, म्हणून एकच नमुना वाचून थांबू नका.

तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांच्या एकेकट्या नोंदी बाहेर द्यायच्या नाहीत. गावकऱ्यांना दिलेला शब्द आहे तो. तालुकानिहाय सरासरी, टक्केवारी असे एकत्रित आकडे द्यायचे तरी एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला, विचारून. दुसऱ्या गठ्ठ्यासाठी कमिटीकडे संमतीतून सूट मागता येते. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती वाट आहे: धोका किमान असेल, ओळख पुसलेली असेल आणि प्रत्येकाला पुन्हा गाठणं व्यवहारात शक्य नसेल तर. ‘शक्य नाही’ हे नुसतं लिहून चालत नाही. किती कुटुंबं स्थलांतरित झाली, किती फॉर्मवर मोबाइल नंबरच नाही, हे तुमच्या यादीतून आकड्यांत दाखवा. शिरोळच्या बाजूला ऊसतोड मजुरांची मुलं नोंदवली असतील तर ती कुटुंबं हंगाम संपल्यावर परत गेलेली असणार, त्यांचा आकडा वेगळा द्या.

कमिटी विचारेल असा एक मुद्दा आधीच तयार ठेवा. २०१०मध्ये पाच वर्षांची असलेली मुलं आता अठराच्या पुढं गेलीत. त्यांच्या वतीनं आईबापांनी दिलेली संमती त्यांना स्वतःला मान्य आहे का? सगळ्यांना शोधणं अवघड आहे, पण तिन्ही तालुक्यांतल्या मोठ्या गावांत ग्रामसभेला किंवा अंगणवाडीत बैठक घेऊन ‘अशी माहिती आमच्याकडे आहे, कुणाला काढून घ्यायची असेल तर सांगा’ असं जाहीर करता येतं. हा खर्च लहान आहे आणि अर्जात फार वजनदार ठरतो.

तुमच्या ट्रस्टची स्वतःची कमिटी नसेल तर आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी झालेली कमिटी लागेल. कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा बालरोग विभागातल्या प्राध्यापकांना सहसंशोधक म्हणून घेतलंत की त्यांच्या कमिटीपुढं विषय नेणं सोपं जातं.

कायद्याचंही बघा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावरच्या माहितीला लागू होत नाही, पण कागद स्कॅन केला, संगणकात भरला की लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं अमलात येतायत. कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. संशोधन, जतन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण दोन अटींवर: त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. म्हणजे स्कॅनिंग सुरू करण्याआधी कोण बघणार, कुठं ठेवणार, नावांची फाइल कुणाकडे, हे एका पानावर लिहून विश्वस्तांच्या ठरावात आणा.

आता पैशाकडे. तुमच्या आकड्यांवरून एक नमुना हिशेब मांडतो. दर तुमच्या ओळखीतले टाका, प्रमाण मात्र साधारण असंच राहील.

२,४०० फॉर्म, प्रत्येकी आठ पानं, पाठपोट छापलेले धरले तर ९,६०० कागद. पिना काढून, कडा सरळ करून, ३०० डीपीआयवर, आपोआप कागद ओढणाऱ्या स्कॅनरनं दिवसाला दीडेक हजार कागद होतात. म्हणजे सहा-सात दिवस, पिना काढायचे धरून दोन आठवडे. यात अवघड काही नाही. खरा वेळ पुढं जातो. न भरलेले ९०० फॉर्म, एका फॉर्मला २० मिनिटं धरली तर ३०० तास. माणूस दिवसात खरोखर एकाग्रतेनं सहा तास भरू शकतो, म्हणजे ५० दिवस. आणि चुका पकडायच्या तर तेच फॉर्म दुसऱ्या माणसानं पहिल्याचं न बघता पुन्हा भरायचे, म्हणजे १०० मनुष्यदिवस.

तर: डेटा सांभाळणारा माणूस, अर्धवेळ, महिना २०,००० प्रमाणे आठ महिने, १,६०,०००. डेटा एंट्री, १०० दिवस म्हणजे चार महिने, महिना १५,००० प्रमाणे ६०,०००. संख्याशास्त्राच्या जाणकाराचे दहा दिवस, ४०,०००. स्कॅनर ४५,०००. दोन पोर्टेबल डिस्क १२,०००. एथिक्स कमिटीची फी आणि करारनाम्याचा वकील २५,०००. गावबैठकांचा प्रवास १८,०००. बेरीज ३,६०,०००, त्यावर दहा टक्के अडीअडचणीला, एकूण ३,९६,०००. दहा टक्के सोडून बघा: ३,६०,०००पैकी २,६०,००० नुसत्या माणसांवर. देणगीदाराला हाच आकडा आधी सांगा. स्कॅनर भाड्यानं मिळाला तर तोही खर्च उतरेल. पगार उतरवायला जाल तर डेटा कच्चा राहील.

चार लाखांच्या आतली ही रक्कम आहे. एवढ्यासाठी अमेरिकेला जायचं का?

एनआयएचबद्दल तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. तिथल्या बालआरोग्याच्या संस्थेनं, एनआयसीएचडीनं, आधीच गोळा झालेला डेटा जतन करून त्याचे दस्तऐवज बनवायला आर०३ या छोट्या अनुदानाच्या चौकटीत अर्ज मागवलेले आहेत. या चौकटीत वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, तेही फार तर दोन वर्षं. नव्यानं मुलं मोजायला तो पैसा नसतो. एनआयएचचं डेटा व्यवस्थापन आणि सामायिकीकरणाचं धोरण २५ जानेवारी २०२३पासून लागू आहे. त्यात डेटा नीट करणं, कोडबुक (कुठल्या रकान्यातला कुठला आकडा म्हणजे काय, याची वही) लिहिणं, रिपॉझिटरीची, म्हणजे डेटा कायमचा ठेवणाऱ्या भांडाराची, फी हे खर्च धरता येतात. इमारत, नेहमीची यंत्रणा आणि डेटा गोळा करण्याचा खर्च धरता येत नाही. फीसुद्धा अनुदानाच्या मुदतीतच भरून टाकावी लागते.

पण तुमच्यापुढची भिंत आपल्याकडची आहे. एनआयएचचा पैसा म्हणजे परदेशी योगदान, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि काम केलेली लागते, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय परदेशी अनुदानाच्या संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. अमेरिकेच्या बाजूला वेगवेगळ्या पोर्टलवर संस्थेची नोंदणी, त्यात काही आठवडे सहज जातात. कधी काळी जाहिरात निघालीच तर आधी एकच परिच्छेद वाचा: अमेरिकेबाहेरची संस्था मुख्य अर्जदार म्हणून पात्र आहे का? नसेल तर बाकीची तीस-चाळीस पानं वाचायचे कष्ट वाचले.

‘पुण्याच्या गटाकडे एफसीआरए आहे, त्यांच्याकडून पैसे घेऊ’ असं कुणी सुचवेल. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी योगदान एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालंय, समोरची संस्था नोंदणीकृत असली तरी. त्यांचा पैसा भारतीय स्रोतातला असेल तर मात्र हा सगळा विषयच उरत नाही.

आणि तुमचा पहिला दरवाजा तोच आहे. ज्यांना डेटा हवाय त्यांनाच सांगा की तुमच्या पुढच्या प्रस्तावात ‘डेटा तयार करणे आणि जतन’ अशी एक ओळ आमच्या ट्रस्टच्या नावे घाला. आयसीएमआरसारख्या ठिकाणी ‘फक्त जुना डेटा जपायला पैसे द्या’ असा प्रस्ताव तग धरत नाही. नवा प्रश्न विचारणाऱ्या प्रस्तावात तीच रक्कम एक ओळ म्हणून सहज बसते. तुमच्या डेटातून विचारता येईल असा प्रश्नही तयार आहे: २०१०मध्ये दोन वर्षांची असलेली मुलं आज तरुण आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३मध्ये सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाचं मोल तिथल्या नोंदी जपल्या गेल्या म्हणूनच वाढत गेलं, ती बाळं आता मोठी माणसं झालीत. तुम्ही स्वतंत्रपणे अर्ज करणार असाल तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि डीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची संशोधन संस्था म्हणून मान्यता आहे का ते तपासा. ती नसेल तर महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला मुख्य अर्जदार करून तुम्ही भागीदार राहणं सोयीचं.

दुसरा दरवाजा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, आणि इथं कोल्हापुरात हमखास एक घोळ होतो. लोक आधी साखर कारखान्याच्या अध्यक्षांना नाहीतर दूध संघाला भेटायला जातात. सीएसआरची सक्ती कंपनी कायद्याच्या कलम १३५खाली कंपन्यांना आहे. सहकारी कारखाना आणि सहकारी दूध संघ या कंपन्या नव्हेत. त्यांच्याकडून देणगी मिळू शकते, सीएसआर नाही. त्यापेक्षा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या आणि इंजिनिअरिंग कंपन्या बघा. वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा जास्त असला की कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावाच लागतो. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे तुमचा चार लाखांचा कागद एखाद्या मालकासमोर ठेवून एका बैठकीत निकाल लागू शकतो. तुमच्या बाजूनं आयकर खात्याकडची १२ए, ८०जी आणि सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांसाठीची सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी पूर्ण हवी. फेब्रुवारीत जाल तर घाईतला चेक मिळेल, पण ३१ मार्चआधी खर्चाचे कागद द्यायचे म्हणून ताणही तुमच्यावर येईल. ऑगस्ट-सप्टेंबरात जा.

कंपनीला ‘डेटा आर्काइव्ह’ हा शब्द समजणार नाही आणि समजायची गरजही नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्रतिबंधक आरोग्यसेवा आहे, त्यात हे बसवायचं तर लोकांच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे. प्रत्येक तालुक्यासाठी दोन पानी मराठी पत्रक: कुठल्या वयात वजन अडकतं, पावसाळ्यात जुलाब किती वाढतात, दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या रेषेखाली, किती मुलांचा. ते अंगणवाडी पर्यवेक्षिकांच्या बैठकीत वाटायचं. हे खरोखर करणार असाल तरच लिहा. लेखापरीक्षक पत्रक मागतो.

तिसरा दरवाजा पैशाचा नाही, माणसांचा. शिवाजी विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या किंवा ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोडबुकचं काम प्रकल्प म्हणून देता येतं. पण ओळख पुसलेली फाइलच द्यायची, मूळ फॉर्म नाही.

आता डेटा स्वतः. एसपीएसएसची फाइल उघडून घाईनं सीएसव्हीमध्ये (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या मजकूर-तक्त्यात) साठवलीत की ‘१ म्हणजे हो, २ म्हणजे नाही’ ही लेबलं गायब होतात, नुसते आकडे उरतात. म्हणून आधी लेबलांसकट कोडबुक काढा, मग सीएसव्ही. ती एक्सेलमधून साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर गावांची देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतील. शेरे जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला वाकड्यातिकड्या रोमन खुणा दिसतील. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि शंभरेक ओळी डोळ्यांनी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. तारखांचं तर विचारू नका. ०५/०८/२०१२ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर बदलतं आणि कुठलीही सूचना न देता बदलतं. महिन्याच्या जागी १२पेक्षा मोठा आकडा असलेल्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे सरकलेल्या दिसल्या तर समजा घोळ झालाय, आणि उरलेल्या तारखांतले दिवस-महिनेही उलटलेले असणार.

मोजमापांत दोन गोष्टी ताबडतोब तपासा. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं असतं, त्यावरचं उभं. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून कसं मोजलं हा रकाना नसेल तर फॉर्मच्या सूचनापत्रकावरून तो लिहून ठेवा. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर झेड-स्कोअर (मूल मानक सरासरीपासून किती लांब आहे, तो आकडा) काढल्यावर वयानुसार उंची उणे सहाच्या खाली किंवा अधिक सहाच्या वर, वयानुसार वजन उणे सहा ते अधिक पाचच्या बाहेर, उंचीनुसार वजन उणे पाच ते अधिक पाचच्या बाहेर गेलं तर ती नोंद संशयास्पद. ती खोडू नका, दुरुस्तही करू नका. शेजारी ‘संशयित’ असा रकाना करून १ टाका. मूळ फाइल कुणी हात न लावता वेगळी राहू द्या. ‘माहिती नाही’साठी ९९ वापरलं असेल तर आणखी गोंधळ: आईच्या शिक्षणात ९९ चालतं, उंचीच्या रकान्यात ९९ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन-चार वर्षांचं धडधाकट मूल. दंडघेर कुठं १२.४, कुठं १२४ असा सापडेल, कुणी सेंटिमीटरमध्ये भरला, कुणी मिलिमीटरमध्ये. आधी संगणकात भरलेल्या १,५००पैकी दहा टक्के, म्हणजे १५० फॉर्म कागदावरून पुन्हा भरून ताडा. फॉर्ममागे १२० रकाने धरले तर १८,००० रकान्यांत ९०पेक्षा जास्त फरक निघाले, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर, तर सगळेच पुन्हा तपासायची तयारी ठेवा.

ओळख पुसणं म्हणजे नाव काढणं एवढंच समजू नका. नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, मोबाइल, आधार, आरसीएच (सरकारी माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक, अंगणवाडीचं नाव हे तर जाणारच. जन्मतारीखही जाणार, पण ती काढण्याआधी प्रत्येक मोजणीच्या दिवसाचं वय दिवसांत काढून झेड-स्कोअर बसवून घ्या. आधी तारीख पुसली तर वय महिन्यांत उरतं, आणि लहान बाळांचे स्कोअर चुकतात. मोजणीच्या तारखेऐवजी ऋतू आणि साल ठेवा. पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम कळला पाहिजे, तारीख कळायचं कारण नाही. गावाला क्रमांक द्या. मग चाळणी लावा: तालुका, लिंग, जुळं आहे का, आईचं वय, सामाजिक गट यांच्या कुठल्याही जोडणीत पाचपेक्षा कमी मुलं उरत असतील तर गट मोठे करा. गगनबावड्यात जुळं, आईचं वय ४३, अशी नोंद एकच असेल तर अख्ख्या पंचक्रोशीला ते घर माहीत आहे. तिथं आईचं वय ‘३५ व पुढे’ करा, किंवा गगनबावडा शाहूवाडीत मिळवा. ‘शेरा’ हा रकाना तर बाहेर द्यायचाच नाही. ‘आजी म्हणाली, सून माहेरी निघून गेली’ असलं काहीबाही त्यात हमखास असतं.

नाव आणि क्रमांक जुळवणारी फाइल कुलूपबंद, पासवर्डसह, डेटा हाताळणाऱ्याऐवजी दुसऱ्याच माणसाकडे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. पन्हाळ्यावर ठेवा असं म्हणत नाही, पण शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरी या ‘दोन वेगळ्या जागा’ होत नाहीत हे पुरानं शिकवलंय.

ठेवायचं कुठं? आयसीएसएसआर या केंद्राच्या समाजशास्त्रीय संशोधन परिषदेची डेटा सर्व्हिस गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या केंद्रातून चालते. घरोघरच्या सर्वेक्षणासारखा भाग तिथं शोभतो, आधी त्यांना विचारा. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवत असलेलं झेनोडो हे ऑनलाइन भांडार फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा देतं आणि डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळख क्रमांक, देतं. तिथं फाइल बंद ठेवून फक्त वर्णन उघडं ठेवता येतं, कुणाला हवी असेल त्यानं विनंती पाठवायची. तुमच्यासाठी हाच मार्ग: कोडबुक, कोरा फॉर्म, पद्धतीचं वर्णन, तालुका पत्रकं खुली, मुलांच्या ओळख पुसलेल्या नोंदी अर्ज आणि करारावर, स्कॅन आणि नावं कुणालाच नाहीत. फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर जनुकीय वगैरे डेटासाठी आहे, तिकडं जायचं कारण नाही. स्वतःच्या वेबसाइटला नाही म्हणायचं कारण साधं: डोमेनचे पैसे भरायला कुणी विसरलं की डेटाही जातो, आणि एकदा उघडी टाकलेली फाइल परत घेता येत नाही.

विश्वस्तांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. नुसता डेटा दिला म्हणून शोधनिबंधावर लेखक म्हणून नाव येत नाही, वैद्यकीय नियतकालिकांचे निकष तसं मानत नाहीत. ट्रस्टचं नाव डीओआयसह संदर्भात येईल, हे करारात लिहून घ्या. तुमच्यापैकी कुणी विश्लेषणात आणि लिखाणात खरोखर भाग घेणार असेल तर त्याचं लेखकत्वही आधीच ठरवा.

पुण्याच्या मंडळींना या आठवड्यात एवढं कळवा, शब्द बदललेत तरी चालतील: “आपली मागणी पोहोचली. नोंदींची यादी आणि संमतिपत्रांची वर्गवारी सुरू आहे, साधारण तीन आठवडे लागतील. त्यानंतर एथिक्स कमिटीच्या मंजुरीनं, लेखी करारावर, ओळख पुसलेल्या नोंदी देता येतील. काही नोंदी संमतीअभावी देता येणार नाहीत. डेटा विनामूल्य आहे, तो तयार करण्याचा खर्च अंदाजे ३,९६,००० रुपये आहे. आपल्या चालू किंवा येत्या भारतीय अनुदानातून यातला किती भाग उचलता येईल आणि नेमके कोणते रकाने हवेत, ते कळवावं.” नेमके रकाने विचारायला विसरू नका. त्यांना फक्त वजन-उंची हवी असेल तर ९०० फॉर्मची आठही पानं आत्ताच भरायची गरज नाही, आणि वरच्या हिशेबातले ६०,००० बरेच खाली येतील.